नकाराचा फोन

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी वेंडेल ओल्सटाडची गत झाली होती. लेकीचं कॉलेज अजून ठरलं नव्हतं आणि याने बर्निसच्या बेकरीत नारिंगी केक सांगूनही टाकला होता. नारिंगी हा साउथ मेसा विद्यापीठाचा रंग. बुधवारी शाळेच्या जिममध्ये लेक मॅरन गावासमोर कॉलेजच्या कागदावर सही करणार, टेबलावर त्या कॉलेजची टोपी असणार आणि शेजारी त्याच रंगाचा केक. गावच्या धान्यकोठारावर काम करणाऱ्या वेंडेलने कॉफी पिता पिता ज्याला त्याला सांगितलं होतं, आपली पोर वाळवंटातल्या त्या मोठ्या विद्यापीठाकडून गोल्फ खेळणार म्हणून. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात एवढी बातमी हिवाळाभर पुरते.

आज रविवार होता आणि मॅरन स्वयंपाकघरात फोन पुढ्यात घेऊन बसली होती. तिला दोन कॉलेजांनी मागितलं होतं, त्यातल्या एकाला नाही म्हणायचं होतं. या खेळाची रीत अशी की नाही म्हणायचं तर पोरीने स्वतः फोन करून म्हणायचं. बापाने केलेला फोन चालत नाही, मेसेज तर नाहीच नाही. जी कोचबाई दोन वर्षं तुझ्यापायी उन्हातान्हात मैदानं तुडवत हिंडली, तिला निदान तुझा आवाज तरी ऐकू दे, एवढंच म्हणणं. सतराव्या वर्षी हा फोन करून बघावा म्हणजे कळतं. मॅरनची आई शहाणी. "तू ठरव, बाबांना मी सांभाळते," असं म्हणाली आणि इस्पितळात ड्युटीला निघून गेली.

साउथ मेसाला मॅरन दोन दिवस राहून आली होती. तिथलं मैदान बघून तिचे डोळे दिपले, खोटं कशाला बोला. तिला संघातल्या ब्रिएल नावाच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीच्या खोलीवर उतरवलं होतं. संघात मुली आठ, पण स्पर्धेला जाणार पाच. प्रत्येक स्पर्धेआधी आठही जणी आपसात खेळतात आणि तिघी मागे राहतात. ब्रिएलच्या कपाटात नारिंगी जाकीट लटकत होतं, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

"हे कधी घातलंच नाहीस?" मॅरनने विचारलं.

"बाहेरगावच्या स्पर्धेला घालायचं असतं ते. मला अजून नेलेलंच नाही." ब्रिएल हसली, मग पलंगावर बसली. "सोमवारी त्या पाचजणी तिकडे खेळत असतात ना, तेव्हा मी वर्गात बसून फोनवर त्यांचे आकडे बघते. आणि मनात म्हणते, एखादी घसरू दे. माझ्याच मैत्रिणी गं त्या. मी आधी अशी नव्हते."

हे वाक्य मॅरनच्या मनातून काही जाईना.

दुसरं कॉलेज लिंडग्रेन. लहानसं, हिरव्या रंगाचं, मैदान बेताचं, खोल्यांमधला हीटर खडखडणारा. तिथल्या कोच लोइस डेन्करनी मॅरनला पाहिलं तेही नेमकं तिच्या सगळ्यात वाईट दिवशी. वारा सुटला होता, चेंडू हाताबाहेर गेला होता आणि शेवटच्या होलपाशी पोर रडत होती. रडता रडताच ती हिरवळीवर चेंडूंनी पडलेले खळगे बुजवत होती, दुसऱ्यांचेसुद्धा. सवयच तिला. गावच्या मैदानात होलभोवती गवत नाही, तेल मारलेली वाळू आहे. आपलं झालं की मागून येणाऱ्यांसाठी ती सारखी करून ठेवायची, हे वेंडेलनेच तिला शिकवलेलं.

"तुझे आकडे मी विसरले," डेन्कर नंतर फोनवर म्हणाल्या होत्या, "खळगे नाही विसरले. माझ्याकडे ये. पहिल्या आठवड्यापासून खेळशील. वाईट खेळलीस तरी खेळशील, मुलीच मोजून सहा आहेत माझ्याकडे."

मन तिकडे ओढत होतं. पण काटा एकच सलत होता. आपण खेळायला म्हणून लिंडग्रेनला निघालोय, की मागे राहायच्या भीतीने मोठ्या ठिकाणाहून पळतोय? कित्येक दिवस ती स्वतःला हेच विचारत होती आणि उत्तर रोज बदलत होतं.

शेवटी तिने साउथ मेसाच्या कोचचा नंबर लावला.

"कोच व्हिटलॉक, मी मॅरन. मी साउथ मेसाला येत नाहीये."

पलीकडून लगेच प्रश्न आला. "लिंडग्रेन का?"

"हो."

"तिथे तुला हरवणारं कोणी नसेल, मॅरन."

ब्रिएलचं नाव मॅरनच्या ओठांवर आलं, ते तिने गिळलं. "असतील की. दर सोमवारी दुसऱ्या कॉलेजच्या पोरी येतील ना समोर. मला त्यांच्याशी खेळायचंय, कोच. आपल्याच मुलींचं वाईट चिंतत बसायचं नाही."

व्हिटलॉकबाई म्हणाल्या, "स्वतः फोन केलास, हे बरं केलंस. गेल्या वर्षी एकीच्या वडिलांनी केला होता." त्यांनी फोन ठेवला, आणि मॅरनने टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडून घेतलं.

वेंडेल बूट काढून आत आला तो तिचा चेहरा बघूनच समजला.

"नाही म्हणालीस?"

"हो."

तो खुर्ची ओढून बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. "घाबरलीस का गं?"

"घाबरले, बाबा. हा फोन करायला. तरी केला." तिने नाक पुसलं. "पळायचं असतं तर तुला करायला लावला असता."

पोरीच्या रडक्या तोंडाकडे बघताना वेंडेलला वाटलं, ही आपल्याला वाटत होती त्याहून मोठी झाली आहे, आणि ते त्याला आवडलं, थोडं दुखलंही. मग त्याला भलतंच आठवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"केक," तो म्हणाला. "मॅरन, जरा बर्निसला फोन कर ना. तुझं ऐकेल ती. मला अख्ख्या गावासमोर सोलून काढेल."

"छे. सांगितला कोणी?"

"मी."

"मग?"

मॅरनने फोन त्याच्यापुढे सरकवला. वेंडेल घसा खाकरून दोनदा मनातल्या मनात बोलून बघत बसला. मग त्याने नंबर लावला.

"बर्निस, मी वेंडेल. केकचं जरा बोलायचं होतं... नाही, पोर ठणठणीत आहे. रंग बदलायचाय. हिरवा... हो, लिंडग्रेन." पलीकडून बर्निसचं बोलणं बराच वेळ चाललं. कान लाल होईपर्यंत त्याने ते ऐकून घेतलं.

"अगं, साउथ मेसा मोठं आहेच, कोण नाही म्हणतंय," तो शेवटी म्हणाला. "पण तिला खेळायचंय."