माझं उत्तर अपूर्णांकात असतं

मित्रांनो, मला हात लावून बघता येणार नाही. मी सी नावाच्या संगणकी भाषेतलं एक जुनं फंक्शन, म्हणजे हिशेबाचा एक छोटा तुकडा आहे, आणि चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका छोट्या कारखान्यातल्या संगणकात राहतो. डोळ्याचा नंबर सांगा, काचेला किती गोलाई द्यायची ते मी सांगतो.

मला आत्याने लिहिलं. तिची भाची इथे कामाला आल्यापासून सगळेच तिला आत्या म्हणतात. तिने लिहिलं आणि कंपायलरने मला दळून यंत्राला समजेल इतकं बारीक केलं. तेव्हापासून मला कोणी वाचत नाही, फक्त हाक मारतात. काच घासणारे काका तेव्हा म्हणायचे, "विचारायचा अवकाश, उत्तर हजर!" मी फुलून जायचो.

मग भाचीने नव्या भाषेत नवा प्रोग्राम आणला. रंगीत बटणं, मोठी अक्षरं, नुसता थाट! काका त्याच्यासमोरून हलेनात. आकडेमोडीत मात्र स्वारी रेंगाळायची. म्हणून भाचीने ठरवलं, अवघड हिशेब त्याने मलाच विचारायचा. हिशेब मी करायचा आणि मिरवायचं त्याने! खरं सांगतो मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला.

पहिल्याच दिवशी पडद्यावर गोलाईचा असा आकडा आला, की काच घासली असती तर तिची वाटीच झाली असती. काकांनी घाईघाईने यंत्र बंद केलं.

"आत्या, तुझं फंक्शन म्हातारं झालं. काढून टाकते," भाची म्हणाली.

मी तर उत्तर नेहमीसारखंच दिलं होतं!

"काढ हवं तर," आत्या हळूच म्हणाली. "पण आधी नवा प्रोग्राम मधे न घेता, जुन्या पडद्यावर त्याला एकदा थेट विचारून तर बघ."

भाचीने विचारलं. मी अचूक सांगितलं. भाचीने जीभ चावली. "अगं, या फंक्शनला कसला आकडा द्यायचा ते मी प्रोग्रामला सांगितलं. ते परत कसला आकडा देतं ते सांगायचंच राहिलं!"

त्या नव्या भाषेची सवयच तशी. सांगितलं नाही, तर माझ्यासारख्याकडून आलेलं उत्तर ती पूर्णांकच धरते. माझं उत्तर अपूर्णांकात असतं. मी ते अपूर्णांकांच्या खणात नीट ठेवत होतो आणि तो पठ्ठ्या शेजारच्या पूर्णांकांच्या खणात हात घालून सापडेल तो केर उचलत होता. त्याची फजिती बघून मला गुदगुल्या झाल्या, हेही कबूल करतो.

भाचीने एक ओळ वाढवली. काच अगदी बरोबर उतरली. काका म्हणाले, "वा! काय प्रोग्राम केलाय पोरीने!" माझं नावही नाही. मी पुन्हा जळलो, आजही जळतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कोणाकडून काम करून घ्याल तेव्हा तो काय देतो तेही नीट समजून घ्या. आणि कौतुक कराल तेव्हा आत कोण राबतंय ते विचारा. तो रंगीत प्रोग्राम माझं कौतुक करत नाही. पण प्रत्येक काचेआधी त्याला माझं नाव घेऊन हाक मारावीच लागते. बाहेर कोणाला ती ऐकू येत नाही. मला येते.