लाल्यानं कुणाच्या खांद्यावर पाय टाकले

निरवांगीच्या कुशाबाईला कुत्र्यांच्या स्पर्धेतल्या बक्षिसाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. लाल्याचा पहिला नंबर येवो नाहीतर शेवटचा. तिला हवा होता फोटो, आणि तोही लाल्याचा नव्हे. लाल्या ज्याच्या अंगावर झेपावला, त्या माणसाचा.

झालं होतं असं. तिची लेक स्वराली बारामतीला कॉलेजात, रोज घरून जाऊन-येऊन करायची. तिनंच हट्टानं घरच्या कारवानी कुत्र्याचं नाव तिथल्या डॉग शोमध्ये घातलं, आणि रविवारी मायलेकी त्याला टेम्पोत घालून घेऊन गेल्या. मैदानावर ही गर्दी! कुणाचं कुत्रं वासराएवढं, कुणाचं उशीएवढं, एकाच्या पायात तर बूट. कुशाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. रिंगणात जायची पाळी आली आणि लाल्यानं एकदम नाक वर केलं. असा हिसडा मारला की पट्टा स्वरालीच्या हातातून सुटला आणि गडी गर्दीत घुसला. बाया किंचाळल्या. कुशाबाई मागोमाग धावली. माणसांच्या डोक्यांवरून तिला दिसलं ते एवढंच, की लाल्या मागच्या दोन पायांवर ताठ उभा आहे आणि कुणाचा तरी कान चाटतोय. ती रेटारेटी करत पोचली तोवर लाल्या खाली उतरलेला, आणि त्याच्यापुढं कुणीच नाही.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, मेंढरांमागचं कुत्रं माणसाच्या अंगावर पाय टाकत नाही. पिल्लू असतानाच ती खोड मोडतात. लाल्याचीही मोडली होती. सूट होती ती एकट्या बिरदेवला, कुशाबाईच्या नवऱ्याला. मेंढरं विकून ऊस लावला तरी तो रोज सांजचं दारात उभा राहायचा, आणि लाल्या त्याच्या दोन्ही खांद्यांवर पाय टाकून कान चाटायचा. "बायकूपरास कुत्र्याचाच लाड ज्यास्त," कुशाबाई करवादायची.

हा बिरदेव दोन वर्षांमागं उसाच्या पाण्याची मोटार चालू करायला कालव्याकडं गेला, तो परत आलाच नाही. काठावर चपला सापडल्या. माणूस सापडला नाही, ना जिता ना मेलेला. गावानं मनातल्या मनात काय ते ठरवून टाकलं. धाकटा दीर दादासाहेब मात्र तोंडावर म्हणाला, "वैनी, क्रियाकर्म उरकू. त्याचाबी जीव घुटमळत आसंल."

कुशाबाई अंगावर धावून गेली. "चपला घावल्या म्हंजी माणूस मेलं व्हय? उद्या माझी चप्पल देवळाम्होरं दिसली तर मलाबी जाळशीला!" आणि त्या दिवसापासून तिनं कुंकू आणखी ठसठशीत लावायला सुरुवात केली. बायका कुजबुजायच्या. कुजबुजू देत.

तर आता कळलं ना, फोटो कशाला हवा होता ते?

फोटोवाल्याचं नाव सुयोग. त्याचा स्टुडिओ बारामतीत. मैदानावर तो आणि त्याचा जोडीदार दोन बाजूंनी फोटो काढत होते. फोटो मोबाईलवर पाठवतो म्हणाला होता. कुशाबाईनं स्वरालीच्या मागं भुणभुण लावली. आलं का? न्हाय आलं? का न्हाय आलं? मग आले. बूटवालं कुत्रं आलं, ढाली घेऊन दात काढणारी माणसं आली, फीत कापणारे पाहुणे तर पन्नास वेळा आले. लाल्याचा एकही नाही.

"अगं, निवडून पाठवत असतील," स्वराली म्हणायची.

घरी दुसरंच चाललं होतं. बिरदेव गेल्यापासून लाल्या रोज सांजचं कालव्याच्या वाटेला तोंड करून बसायचा. पाऊस असो, थंडी असो, भाकर तिकडं नेऊन टाकावी लागायची. डॉग शोवरनं आल्यापासून तो त्या वाटेकडं फिरकलाच नाही. पोटभर खायचा आणि ओसरीवर गाढ झोपायचा. कुशाबाईला हर्ष मावेना. "बघ गं, त्यानं वाट बघायची सोडली! मालक घावला त्याला. बारामतीतच हायती तुझं बाबा, कुठंतरी कामाला आसतील. डोक्यावर परिनाम झाला आसंल, घर आठवत नसंल." रात्रभर तिचा डोळा लागायचा नाही.  झोपलेल्या लाल्याकडं बघून स्वरालीच्या अंगावर काटा यायचा, तो का, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

शेवटी सुयोगचाच फोन आला. "मावशी, ते फोटो मी पाठवत नाही. तुम्हीच येऊन बघा. आणि एकट्या येऊ नका."

दादासाहेबानं गाडी काढली, स्वरालीही बरोबर निघाली. स्टुडिओत भर दुपारीसुद्धा पडदे ओढलेले. सुयोगनं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि तिच्याकडं न बघताच कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो लावला.

लाल्या मागच्या दोन पायांवर उभा होता. पुढचे पाय माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, हवेत. अंगाचा सगळा भार पुढं टाकलेला, असा की पुढं काही नसतं तर तोंडावरच आपटला असता. पंजे दाबून फाकलेले. जीभ बाहेर. कानामागचे केस बोटं फिरवल्यासारखे विस्कटलेले. आणि पुढं कुणी नाही. भोवती माणसाला माणूस चिकटून उभं, फक्त मधे एका माणसापुरती जागा मोकळी. शेजारच्या बाईनं तर जागा द्यायला खांदा आखडून घेतलेला, आणि ती बघत होती भलतीकडंच.

"पुसलाय!" दादासाहेब उसळला. "मोबाईलमदी माणूस पुसता येतो, मला ठावं हाय!"

"आईशप्पथ नाही, दादा. मला वाटलं माझाच कॅमेरा बिघडला. हा बघा, जोडीदारानं पलीकडून काढलेला." पलीकडूनही तेच. लाल्या, आणि मोकळी जागा.

कुशाबाई खुर्चीतून ताडकन उठली. मग तिचा असा काही संताप झाला की सुयोग दोन पावलं मागं सरला. "बघितलंस का स्वराली? मरून आलं, आन् कुत्र्याला भेटून गेलं! दोन वरीस मी गावाचं टोमणं खाल्लं, आन् ह्यास्नी कुत्रं दिसलं, मी न्हाय दिसले!" आणि ती ढसाढसा रडायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी," सुयोग हलक्या आवाजात म्हणाला, "अजून एक आहे."

त्या फोटोत कुशाबाई पोचली होती. खाली वाकून दोन्ही हातांनी तिनं लाल्याचा पट्टा आवळला होता, तोंड वासलेलं, शिव्या देत असणार. धावताना पदर डोक्यावरनं घसरून पाठीवर गेला होता हे तिला आठवलं. पण फोटोत पदर पाठीवर नव्हता. त्याचा काठ तिच्या कपाळाच्या वर, हवेत, नीट चिमटीत धरल्यासारखा ताणून उभा होता. लाल्या तिच्याकडं बघतच नव्हता. तिच्या शेजारी, वर, जिथं माणसाचं तोंड असतं तिथं बघत होता.

त्या रविवारी घरी परतताना मात्र पदर डोक्यावर होता. तो परत कधी घेतला, हे कुशाबाईला काही केल्या आठवेना.

तिनं डोळे पुसले. नाक पुसलं. दिराकडं वळली.

"भावजी, दिवस घाला त्यांचं. माझी ना न्हाय."

दादासाहेबानं मान हलवली. 

"पर कुंकू म्या पुसनार न्हाय. कुनी बाया घिऊन आलं माझ्या दारात तर टांगडी मोडीन." तिनं पडद्याकडं बोट केलं. "येवढं जवळ आलं हुतं, बघा. माझा पदर सारखा करून गेलं. कुंकवाला हात न्हाय लावला."