माझ्या दांडीवर प्लास्टिकची फुलं

मी ऑर्किड बोलतेय. कोरफड नाही, कांद्याची जात नाही आणि आंब्यावर वाढणारं बांडगूळ तर मुळीच नाही. मेहकरात आल्यापासून ही तिन्ही नावं मी ऐकली आहेत, म्हणून आधी एवढं सांगून टाकते.

माझा जन्म पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत झाला. पुढे जाळीच्या सावलीत वाढले. माझ्या कुळाला माती लागत नाही. रानात आम्ही झाडाच्या खोडाला धरून राहतो. त्याचं काही खात नाही, फक्त आधार घेतो. मुळं हवेत मोकळी. ती चंदेरी दिसली की आम्हाला तहान लागलेली असते, हिरवी दिसली की पोट भरलेलं. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं आहे. पण मोठ्या माणसांना मुळांकडे बघण्यात कमीपणा वाटतो.

मला मेहकरला आणलं पुष्पांजलीताईंनी. त्या इथल्या महिलांच्या बागप्रेमी मंडळाच्या सेक्रेटरी. जानेवारीत भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या आणि येताना मला मांडीवर घेऊन एसटीनं आल्या. अंगावर नऊ जांभळी फुलं होती. आठवडाभर बायकांची रांग लागली. प्रत्येकीनं एकच विचारलं, "प्लास्टिकचं हाय का वं?" आणि खात्री करायला नखानं पाकळी चिमटली.

"खरं हाय, खरं! हात नका लावू," ताई म्हणायच्या आणि हरखून जायच्या.

पाहुण्या ओसरल्यावर ताईंनी माझी कुंडी उपसली. "लाकडाच्या ढलप्या भरून देल्ल्या मेल्यानं, फसवलं मले," असं म्हणून त्यांनी मला शेतातल्या काळ्या मातीत रोवलं, वर शेणखत थापलं आणि उन्हात गच्चीवर ठेवलं. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी, तेही नेमकं पानांच्या बेचक्यात. काळी माती एकदा भिजली की श्वास घेऊ देत नाही. माझी मुळं सडली. पानं पिवळी पडली, तर ताई म्हणाल्या, "पानी कमी पडत असंन." आणि दुसरा तांब्या ओतला.

मार्चमध्ये फुलं गळाली. ती गळायचीच होती. आमची फुलं दोन-तीन महिने टिकतात, मग आम्ही विसावा घेतो. पण ताई माझ्यासमोर पाट टाकून बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "काऊन बाई असं केलं? काय कमी केलं मी तुले?"

काहीच कमी केलं नव्हतं. तेच तर दुखणं होतं.

रडू खरं होतं, हे मी मान्य करते. पण त्यामागे मंडळाचं पुष्पप्रदर्शनही होतं. ताईंनी गावभर सांगितलं होतं की यंदा ऑर्किड मांडणार. दोन दिवस आधी त्यांनी बाजारातून फुलं आणली आणि हिरव्या दोऱ्यानं माझ्या वाळक्या दांडीला बांधली. मी सडत होते आणि वर सात प्लास्टिकची फुलं डुलत होती.

प्रदर्शनात गर्दी जमली. फोटो निघाले. आणि गंमत बघा, त्या दिवशी एकीनंही विचारलं नाही की हे प्लास्टिकचं आहे का! परीक्षक म्हणून आलेल्या सरांनीही लांबूनच मान डोलावली.

शिलाईकाम करणारी खुर्शीदा टेबलांच्या झालरी लावायला आली होती. ती वाकली. तिची नजर आधी दोऱ्यावर जाते. "ताई, या फुलाले तं गाठ मारेल हाय," ती भाबडेपणानं, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली.

सर परत आले. चष्मा वर केला. बक्षीस शेवंतीला गेलं.

ताईंनी सेक्रेटरीपद सोडलं, खुर्शीदाकडे ब्लाऊज शिवायला टाकणं बंद केलं आणि मला कुंडीसकट फाटकाबाहेर कचऱ्यात ठेवलं.

तिथून मला खुर्शीदानं उचललं. गहिवरू नका, तिला कुंडी हवी होती. "पुदिना लावते," म्हणत तिनं मला उपटून अंगणात टाकलं. तिची मुलगी महनूर बारावीत. तिनं मोबाईलवर माझा फोटो काढला. मोबाईलनं पहिल्यांदा कोरफड सांगितलं. दुसऱ्यांदा कुठे बरोबर आलं.

महनूरनं वाचून काढलं, आईची कात्री गॅसवर तापवली आणि सडकी मुळं कापली. तीनच चांगली उरली. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली आणि नारळाच्या काथ्यात, कोळशाच्या तुकड्यांत मला एका जाळीच्या टोपलीत बसवलं. पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड, कूलरच्या ओलसर हवेत टांगलं. बोअरचं पाणी जड म्हणून माठात भरलेलं नळाचं दिलं, तेही मुळं चंदेरी दिसली तरच. "जगलं तं जगलं," एवढंच म्हणाली.

मी जगले. पावसाळ्यात नवं पान आलं. डिसेंबरात रात्री गारठल्या आणि दांडी फुटली. फेब्रुवारीत पाच फुलं उमलली. खुर्शीदा आल्या-गेल्याला सांगू लागली, "माह्या हातालेच बरकत हाय." हात! त्या हातानं मला पुदिन्यासाठी उपटलं होतं.

परवा पुष्पांजलीताई आल्या. दुसऱ्या शिंपिणीनं ब्लाऊज बिघडवला होता, तेव्हा मान खाली घालून यावं लागलं. दारातच थबकल्या. "अगं बाई! हे कुठून मागवलं?"

इतके दिवस मला जवळ ठेवलं आणि ओळख नाही.

खुर्शीदानं मशीन थांबवलं. "तुमच्या दाराहून, ताई."

ताई स्टूल ओढून बसल्या आणि महनूरला हळूच विचारलं, "मातीत नसते लावत का वं?"

महनूरनं मुळं दाखवली. ताईंनी एकेक मूळ नीट पाहिलं.

"घेऊन जा ताई, तुमचंच हाय," खुर्शीदा म्हणाली. "त्या दिवशी मी सगळ्याईसमोर बोलली, ते चुकलंच माह्यं."

"नको. आन् तुह्यं नाही चुकलं," ताई म्हणाल्या. "मी पुन्हा मारीन याले. इथंच राहू दे. मी पाह्यले येत जाईन."

मेहकरात माझ्याविषयी कुणी शहाणपणाचं बोललं असेल, तर ते हेच. उद्या तुम्ही माझ्या एखाद्या बहिणीला हौसेनं घरी न्याल. जमत नसेल, तर ताईंसारखं कबूल करा, फक्त वेळेवर, आणि तिला जमणाऱ्याच्या घरी ठेवा. त्यात लाज नाही.