आप्पांची झोप

युसूफ वडगाव या गावच्या गहिनीनाथांनी जन्मभर मेंढरं राखली. डोळ्यांच्या पडद्याचा आजार मात्र तरुणपणीच जडलेला. आधी अंधारात दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि पुढं सगळंच गेलं. मेंढरं धाकट्या भावानं सांभाळायला घेतली. गहिनीनाथ काळा चष्मा लावून आतल्या खोलीत बसू लागले. आपले थिजलेले डोळे कुणी बघू नयेत, एवढंच त्यांना वाटायचं.

हळूहळू त्यांची झोप भरकटली. काही दिवस रात्रभर टक्क जागे आणि दुपारी गाढ, मग काही दिवस बरं, की पुन्हा उलटं. ते जागे असले की त्यांची बायको सत्यभामा उशाशी बसून राहायची.

मुलगी ऋतुजा पुण्यात मेंदूवर संशोधन करायची. दिवाळीला ती घरी आली, तर चुलीपुढं आई पिठाच्या हातांनी बसल्या बसल्या झोपलेली. खोदून विचारल्यावर तिला सगळं कळलं.

ती वडिलांना बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नजर परत येणार नव्हती, पण पडद्यामागच्या नसा शाबूत होत्या. परतताना तिनं वडिलांना आपलं काम समजावलं. डोळ्यांत काही पेशी अशा असतात, की त्यांचं काम बघण्याचं नसतं. बाहेर उजेड आहे, एवढं त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. हा निरोप पोचवणाऱ्या रसायनांत एक पेप्टाइड असतं, म्हणजे प्रथिनासारखाच एक बारीक तुकडा. ज्या उंदरांत ते नसतं, त्यांचं घड्याळ उजेडाला नीट दाद देत नाही.

“तुमच्यात ते असंल, आप्पा. पण आधी उजेड तर डोळ्यात जाऊ द्या.”

“मला दिसत न्हाई, बाई. उजेड कावून पाहिजे?”

“तुमाला न्हाई, घड्याळाला पाहिजे.”

गुण येईलच असं नाही, हेही तिनं सांगितलं. गहिनीनाथांनी काळा चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. मग ती हळू आवाजात म्हणाली, “माय तुमच्यासंगं जागती. दिवसा तिला उभं राहवत न्हाई.”

हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटायचं, वयामुळं तिचीही झोप कमी झाली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपणहून चष्मा काढून ठेवला आणि अंगणात बाज टाकायला सांगितली. रस्त्यानं जाणारे येणारे थबकले की त्यांना कळायचं. सुरुवातीला ते मान खाली घालायचे. मग भावाची मेंढरं दारावरून जाऊ लागली, की गळ्यातल्या घंटांवरून ते एकेका मेंढीला हाक मारू लागले.

ऋतुजा पुण्याला गेली, तरी त्यांनी रोजचं बसणं सोडलं नाही. थंडी सरता सरता झोप ठिकाणावर आली.

एका सकाळी तिचा फोन आला. गहिनीनाथांनी चाचपडत तो उचलला.

“माय कुठं हाय?” तिनं विचारलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “झोपलीय अजून. झोपू दे तिला.”