पट्टीखालचं पाणी

"मग शून्य लिहा," साहेब फोनवर म्हणाले.

"शून्य कसं लिहू? पाणी आहे, साहेब. पट्टी संपलीय," खुदैर म्हणाला. "शेवटचा आकडासुद्धा कोरडा पडलाय."

मग साहेब म्हणाले, "खाली दुसरी पट्टी ठोका. आकडा रोज पाहिजे."

फुरात नदीवरच्या त्या धरणाच्या पाण्याची पातळी खुदैर गेली पस्तीस वर्षं मोजत होता. धरण झालं तेव्हा जुनं गाव बुडालं आणि माणसं वर माळावरच्या सरकारी घरांत आली. यंदाच्या हिवाळ्यात पाऊस दोनदाच पडला, तोही धुळीवर ठिपके उठण्यापुरता. महिन्याला पुरुषभर पाणी उतरत होतं आणि गाव वर येत होतं. आधी मिनाराचं टोक, मग गच्च्या, मग गल्ल्या. लोक काठावर उभे राहून आपापली घरं ओळखायचे, पण खाली कुणी उतरत नसे. कुत्रीसुद्धा चिखलाच्या कडेपर्यंत जाऊन परत फिरायची.

दुपारी खाली रहाट कण्हतो, असं बायका सांगत. खुदैर त्यांना हसायचा. गाव बुडण्याआधी तो रहाट त्यानेच करवतीने कापून लाकडं विकली होती.

भर दुपारी तो लोखंडी पट्टी खांद्यावर घेऊन उतरला. चिखल वाळून तडकला होता. खालच्या बाजूच्या घरांच्या भिंती छातीपर्यंतच शिल्लक होत्या. एका घरात जातं जागच्या जागी होतं, खुंट्यासकट. माशी नाही, पाखरू नाही. आणि मग तो आवाज आला. लाकडावर लाकूड घासल्याचा, लांबलचक, ओला. खुदैर थांबला. आवाजही थांबला.

पाण्याकडची वाट त्याच्या वडिलांच्या घरावरून जात होती. दाराची चौकट अजून उभी होती. आत अंगणात होडी होती.

होडी चौकटीपेक्षा रुंद होती. दारातून ती आलेली नव्हती. पाणी भरलेलं असताना भिंतीवरून येऊन खाली बसली होती, पाहुण्यासारखी, घराकडे तोंड करून. पाणी तिथून चाळीस पावलांवर. अंगण कोरडं ठणठणीत. खुदैरने फळीवर हात ठेवला, तर तळवा ओला झाला.

कडेला तुपाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता. पाच खिळे, त्यातला एक वाकडा. तो वाकडा खिळा खुदैरने ठोकला होता आणि दहाम नावाडी हसला होता, "पाणी मोजतोस ते ठीक, हातोडी माझ्याकडे दे."

होडीत गाळ होता. गाळातून कमरेच्या शेल्याची गाठ वर आली होती, होडीच्या फासळीला बांधलेली. शेल्याच्या वेढ्यात जे उरलं होतं, ते खुदैरने एकदाच पाहिलं.

दहाम नाहीसा झाला त्या वसंतात धरण नुकतंच भरत होतं. तो सरहद्दीपलीकडे पळाला, बाई घेऊन पळाला, असं गावाने ठरवून टाकलं. त्याची बायको नोफा तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिला कुणी सवाष्ण म्हणेना, कुणी विधवा म्हणेना. म्हणायचे, टाकलेली. लग्नात तिला मेंदी कालवू देत नसत. खुदैर हे सगळं ऐकत आला होता.

तो वर आला, तेव्हा नोफा तंदुरात रोट्या लावत होती.

"नोफा, दहाम सापडला."

तिचा हात थांबला नाही. "कुठल्या शहरात?"

"माझ्या जुन्या अंगणात. होडीत."

रोटी करपल्याचा वास आला. तिने ती काढली नाही.

"एकटाच?" तिने विचारलं.

"एकटाच."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं. शेल्यानं स्वतःला होडीला बांधून घेतलंय."

ती तिथेच खाली बसली. खुदैर उभाच राहिला. "अजून एक आहे, नोफा. त्या सकाळी चहाच्या दुकानात त्यानं मला विचारलं होतं, पाणी किती? मी म्हटलं, कालच्याएवढंच. मी पट्टीवर गेलोच नव्हतो. थंडी होती, उठायचा कंटाळा केला. मागनं गेलो तेव्हा पाणी दोन पुरुष चढलं होतं, आणि तो होडी घेऊन गेलेला होता."

"आणि गाव म्हणत होतं तो पळाला, तेव्हा?"

"तेव्हा गप्प बसलो."

नोफाने हातांचं पीठ झटकलं. "चल. दाखव."

ती सरळ उतरत गेली, कुठे अडखळली नाही. होडीपाशी आल्यावर तिने त्याला मागे सारलं. पस्तीस वर्षं भिजलेली ती गाठ तिने नखांनी सोडवली. तासभर लागला. पाण्याचा, वाऱ्याचा, कसलाच आवाज नव्हता.

दफन झालं. इमाम नोफाला म्हणाले, "बाई, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घरात बसायचं असतं हे खरं. पण माणूस गेला त्या दिवसापासून ते मोजतात. तुझे दिवस कधीच सरले."

"नदीचे सरले असतील," नोफा म्हणाली. "मला कुणी कळवलं नव्हतं." आणि ती काळी वस्त्रं नेसून आत बसली.

बाहेर भेटायला येणाऱ्यांसाठी मांडव घातला. कडू कॉफीचे कप फिरू लागले. ज्याला यजमानाकडे काही मागायचं असतं तो तिथे कप पीत नाही, खाली ठेवतो; मागणं मान्य झालं की मगच पितो. खुदैरने कप खाली ठेवला. सगळा मांडव त्याच्याकडे बघू लागला.

"काय पाहिजे, खुदैरचाचा?" दहामच्या पुतण्याने विचारलं.

खुदैरने सगळ्यांसमोर सांगितलं. पट्टीवर न गेल्याचं, खोट्या आकड्याचं, पस्तीस वर्षांच्या मुकेपणाचं. सांगताना त्याने मान खाली घातली नाही. शेवटी म्हणाला, "माफी मागायला आलोय. आणि त्या बाईला इथे ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली, त्यांनी ती आता मला ठेवावीत."

पुतण्याने बायकांच्या बाजूच्या पडद्याकडे पाहिलं. आतून नोफाचा आवाज आला, सावकाश.

"कप राहू दे म्हणावं तसाच. आत्ता मी नवऱ्याच्या सुतकात बसलेय. दुसरं काही मला सुचत नाही."

खुदैर तसाच बसून राहिला. माणसं येत राहिली, उठून जात राहिली. कॉफीवर धुळीची साय धरली. ऊन मांडवाखालून सरकत गेलं, तेव्हा पडद्याआड गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई कुणाला तरी सांगत होती, "अगं, दहामची विधवा सकाळपासून उपाशी आहे. तिला घासभर वाढा कुणीतरी."