शनिवारी वाजलेला टेलिफोन

आयुष्यभर लोक माझ्यात तोंड घालून "मी बोलतोय" म्हणाले. आज मीच बोलतोय. मी आमच्या ज्यू समाजाच्या ऑफिसातला टेलिफोन. काळा, जड, तबकडीवाला. माझ्यानंतर आलेले हलकेफुलके फोन कधीच मोडीत निघाले. मला मात्र कुणी हलवलं नाही, कारण माझा नंबर समाजातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे.

कारखान्यातून आम्ही बरेच भाऊ एकाच गाडीतून निघालो. कुणी पोलीस चौकीत गेला, कुणी हॉस्पिटलात. माझ्या वाट्याला प्रार्थनामंदिराच्या अंगणातली ही खोली आली. मला वाटलं, सुटलो! देवाच्या दारात कसली आलीय धावपळ?

कसचं काय! सकाळपासून माझा कान गरम. प्रार्थना किती वाजता? ग्रंथाचा वर्ग बुधवारीच ना? लग्नासाठी हॉल मिळेल का? आईला दवाखान्यात न्यायला कुणी येईल का? माणसांची एक गंमत मी इथंच शिकलो. आनंदाची बातमी असली की ती नमस्कारही न करता ओरडतात, आणि मदत हवी असली की आधी हवापाण्याच्या गप्पा मारतात.

ऑफिस सांभाळायच्या सेक्रेटरीबाई. एकट्या राहणाऱ्या अकराजणांची यादी त्यांनी माझ्या शेजारी भिंतीवर लावली होती. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला त्या एकेकाला फोन करून विचारायच्या, "उठलात का?" यादीतलं चौथं नाव शिंपीणमावशींचं. ब्याऐंशी वर्षांच्या, डोळे अधू, जीभ मात्र कात्रीसारखी. "उठले म्हणून तर उचलला!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी त्या उत्तराची रोज वाट बघायचो.

शनिवार तेवढा माझा सुट्टीचा. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत. त्या वेळात काम नाही, प्रवास नाही, फोन नाही. आमच्यातलं कुणी मला हात लावायचं नाही, आणि मला फोनही करायचं नाही. ती सुट्टी मला फार आवडायची. आता सांगतानाही लाज वाटते.

बुधवारच्या संध्याकाळी मास्तर माझ्याच खोलीत ग्रंथाचा वर्ग घ्यायचे. पाच-सहाजण यायचे, सगळे चष्मेवाले. मास्तर विद्वान माणूस. त्यांचं घर लांब, आणि शब्बाथला गाडीत बसायचं नाही. म्हणून शनिवारी सकाळची आणि संध्याकाळची प्रार्थना यांच्या मधला वेळ ते इथंच पुस्तक वाचत काढायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. शिंपीणमावशींनाही.

त्या बुधवारी मास्तरांनी जीव वाचवण्याचा नियम शिकवला. कुणाचा जीव धोक्यात असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा, ही धर्माचीच आज्ञा आहे. शेजारच्या नर्सबाईंचा हात धरून मावशी वर्गाला आल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"मास्तर, मी तर जन्मात शनिवारी फोनला हात लावला नाही. पण वेळ माझ्यावरच आली तर? मी करायचा फोन?"

"करायचा म्हणजे? केलाच पाहिजे. नुसती शंका आली तरी करायचा. विचार करत बसेल तो चुकला."

मावशी म्हणाल्या, "बरं झालं विचारलं."

तिसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी, मी वाजलो.

मास्तर दचकले. माझ्याकडे बघत राहिले. मी बावीस वेळा वाजून थांबलो. थोड्या वेळानं पुन्हा वाजलो, एकोणीस वेळा. या खेपेला ते उठून माझ्यापर्यंत आले, हातही पुढे केला आणि मागे घेतला. स्वतःशीच पुटपुटले, "आपल्यातलं कोण करणार आज? बाहेरचंच कुणीतरी. रॉंग नंबर असेल."

अहो, आपल्यातलं कुणी उगाच करणार नाही, म्हणूनच उचला! मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला फक्त वाजता येतं. ते मी जीव तोडून केलं. तिसऱ्यांदा मी चारच वेळा वाजलो आणि मग गप्प झालो. मास्तरांनी पुस्तक उघडलं. पान मात्र संध्याकाळपर्यंत उलटलं नाही.

रविवारी नऊ वाजता सेक्रेटरीबाईंनी यादीतला चौथा नंबर फिरवला. एंगेज. सव्वानऊला पुन्हा एंगेज. "मावशींना आज बोलायला माणूस मिळालं वाटतं," त्या हसून म्हणाल्या. दहा वाजता मात्र त्यांनी नर्सबाईंना दुसरी किल्ली घेऊन पाठवलं.

अर्ध्या तासानं मी वाजलो. नर्सबाई मावशींच्याच घरून बोलत होत्या. "गेल्या. खाली पडल्यात. खुब्याचं हाड मोडलंय. फोनचा रिसीव्हर हाताजवळ लोंबत होता." मग आवाज बारीक झाला. "मास्तर काल तिथंच होते ना? विचारा जरा, फोन आला होता का?"

सकाळच्या प्रार्थनेनंतर थांबलेले मास्तर समोरच उभे होते. बाईंनी विचारलं. ते म्हणाले, "नाही."

मी इतकी वर्षं लोकांचं खोटं ऐकत आलोय. 'साहेब घरी नाहीत', 'आत्ताच करणार होतो'. पण त्या एका शब्दाइतकं जड मी काही ऐकलं नाही.

दुखवट्याचे सात दिवस संपल्यावर मावशींची भाची समाजानं दिलेल्या घराची किल्ली परत द्यायला ऑफिसात आली. लोक तिच्याभोवती जमले. रिसीव्हरला पडताना हात लागला असेल, असं तिनंच सांगितलं. "मावशीनं शनिवारी फोन करणं शक्यच नाही."

"पुण्यवान बाई," कुणीतरी म्हणालं. "मरताना देखील शब्बाथ मोडला नाही."

यादीतलं पाचवं नाव म्हणजे घड्याळवाले आजोबा. एकटे, हृदयाचा आजार. ते कोपऱ्यातून म्हणाले, "बाई, माझंही ऐकून ठेवा. शनिवारी काही झालं तरी मी कुणाला फोन करणार नाही. तिला जमलं, मलाही जमेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी मात्र टेबलाची कड धरली.

"आजोबा, तिनं फोन केला होता."

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

"इथं केला होता, मला. मी सांगितलं होतं म्हणून केला. मी उचलला नाही. आणि नंतर खोटं बोललो."

भाचीनं विचारलं, "किती वेळा?"

"तीनदा."

"म्हणजे ती बराच वेळ जिवंत होती," ती म्हणाली. बस, एवढंच. किल्ली टेबलावर ठेवून ती निघून गेली. मागून कुणी गेलं नाही. मास्तरांना कुणी रागावलंही नाही. मला वाटतं, रागावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

बुधवारचा वर्ग आता बंद आहे. यादीत दहा नावं उरली आहेत. त्यांच्या वर मास्तरांनी स्वतःच्या हातानं एक कागद चिकटवलाय: 'शनिवारी फोन वाजला तर तो आपल्याच माणसाचा आहे असं समजून उचला.'

दर शनिवारी ते येतात आणि माझ्या शेजारी स्टूलवर बसतात. पुस्तक आणत नाहीत. दुपार सरते, चांदण्या दिसतात, मग ते उठतात. कितीतरी शनिवार असेच गेले.

गेल्या शनिवारी मी वाजलो. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यांनी मला उचललं.

पलीकडे कुणीतरी अनोळखी पुरुष होता. "हॅलो, लाँड्री का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही बरे आहात ना?"

"हो, बरा आहे. का हो?"

त्या माणसानं फोन ठेवला, तरी ते मला कानाशी धरून कितीतरी वेळ उभे होते.

माझी तबकडी आता अडकते, घंटाही चिरकी झालीये. एक दिवस मीही मोडीत जाईन, त्याचं काही नाही. माझ्या जागी जो कुणी येईल तो वाजला, तर एवढंच करा. कोण असेल याचा विचार नंतर करा, आधी उचला. आम्हाला फक्त वाजता येतं.