'ठकूची वाट'चा नावडता दुसरा भाग

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, कपाटातही ठेवता येत नाही. मी संगणकावर खेळायचा एक गेम आहे. माझे नाव 'ठकूची वाट, भाग दुसरा'. गेमच्या जगात म्हातारपण लवकर येते म्हणतात. मला तर तारुण्यही मिळाले नाही. जन्मलो त्याच दिवसापासून मी बोलणी खातो आहे.

माझ्या आधी पहिला भाग होता. अवसरी बुद्रुकची स्वप्ना आणि राजुरीचा सुदर्शन या दोन मित्रांनी तो बनवला. ठकू नावाची मुलगी औषधाची पिशवी घेऊन घाट उतरते, एवढीच त्याची गोष्ट. वाटेत उसाचे रान लागे आणि त्यात बिबट्या असे. तो कधीच दिसत नसे, फक्त उसाचे वाळके पाचट वाजे. खेळणारे श्वास रोखून ठकूला हळूहळू पुढे नेत. लोकांनी तो भाग डोक्यावर घेतला.

मग पुण्याच्या एका कंपनीने दोघांना बोलावले. तिथले साहेब म्हणाले, "दुसरा भाग सिनेमासारखा हवा. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत."

म्हणून माझा जन्म थाटात झाला. माझ्यात खोल दऱ्या होत्या, धबधबे होते. ठकूच्या केसांची बट न् बट वाऱ्यावर उडे. शेवटी एक जळता पूल होता आणि त्यावरून ठकू धावत सुटे. तो पूल खेळणाऱ्याच्या हाती द्यावा, असे स्वप्नाचे म्हणणे होते.

"लोक पडतील, वैतागतील आणि गेम सोडून देतील," साहेब म्हणाले. "पुलावरून तिला आपणच पळवू, त्यांनी नुसते बघायचे."

स्वप्नाने तसाच पूल बनवून दिला. मला मात्र माझ्या रूपाचा फार अभिमान वाटत होता.

मी बाजारात आलो आणि तो अभिमान उतरला. एका वर्तमानपत्राने मला 'देखणा आणि पोकळ' म्हटले. दुसऱ्याने लिहिले, 'खेळायला बोलावले आणि बघत बसवले.' पण सगळ्यात जास्त लागले ते डिंगोऱ्याच्या गोरखचे बोलणे. गोरख टोमॅटोची शेती करतो आणि गेम खेळून त्यांवर व्हिडिओ करतो. जुन्नर-आंबेगावची पोरे त्याचे ऐकूनच गेम घेतात.

"राव, पैल्या भागात बिबट्या दिसत नव्हता, तरी घाम फुटायचा," तो म्हणाला. "हितं आख्खी दरड कोसळती आन मला जांभया येत्यात. पूल जळतोय, पर माझी बोटं रिकामीच. ठकू माझ्याबिगर पळती. मग मी कशाला बसलोय?"

त्याने मला पाचांपैकी एकच तारा दिला.

त्या व्हिडिओखाली लोक लिहू लागले. आधी सगळे माझ्याबद्दलच होते. मग कोणीतरी स्वप्नाचे आडनाव शोधून काढले आणि शिव्या तिच्याकडे वळल्या. ती कोणत्या समाजाची, तिला हे काम कोणी दिले, असे विचारले जाऊ लागले. माझ्यावर सुदर्शनचेही नाव आहे. त्याचे आडनाव कोणी विचारले नाही.

स्वप्नाची आई द्रौपदाबाई बुद्धविहारातून घरी आल्या, तेव्हा लेक फोन घेऊन बसली होती. त्यांनी तिच्या खांद्यावरून वाचले.

"हे खेळाला बोलत्यात का आपल्याला?"

"सुरुवात खेळापासून झाली व्हती, आई," स्वप्ना म्हणाली आणि तिने फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सुदर्शनला घेऊन थेट डिंगोऱ्याला गेली. गोरख क्रेटमध्ये टोमॅटो भरत होता. ओळख सांगताच तो जरा ताठ झाला.

"मत बदलायला आला असाल, तर ते जमणार न्हाई."

"मत राहू द्या," स्वप्ना म्हणाली. "माझ्यासमोर तो पूल खेळून दाखवा."

गोरखने मला सुरू केले. पूल पेटला तसा त्याने हातातला कंट्रोलर बाजूला ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. स्वप्ना पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत होती.

"तुमी बोलला ते बरोबर हाय," ती म्हणाली. "आता तुमच्या व्हिडिओखाली लोकांनी काय लिवलंय, ते मोठ्यानं वाचा."

गोरखने वाचायला घेतले आणि मध्येच थांबला. "ह्ये मी लिवल्यालं न्हाई."

"अंगण तर तुमचं हाय ना, भाऊ," सुदर्शन म्हणाला.

गोरखने उरलेले सगळे वाचून काढले. त्याच संध्याकाळी त्याने नवा व्हिडिओ टाकला. "गेम वाईटच हाय, परत सांगतो. पर बनवणाऱ्याची जात काढायची आसंल, तर माझ्या दारात यायचं न्हाई." तसले सगळे लिखाण त्याने पुसून टाकले. तो विकला गेला, असे म्हणत पुष्कळ लोक त्याला सोडून गेले. तो बोललेल्या शब्दावर ठाम राहिला.

कंपनीने माझ्यावरचे काम थांबवले. निदान पूल तरी दुरुस्त करू द्या, अशी परवानगी स्वप्नाने मागून घेतली. अवसरीत बसून दोघांनी तो पूल नव्याने बांधला. आता फळ्या जळून खाली पडतात आणि पाय कुठे टाकायचा ते खेळणाऱ्याने ठरवायचे असते. गोरखने खेळून पाहिले आणि तो थेट दरीत गेला. पुन्हा गेला. टोमॅटो न्यायला आलेला टेम्पोवाला बाहेरून हाका मारत होता, तरी तो उठेना. शेवटी पलीकडे पोचला, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"दोन तारे," तो म्हणाला. "बाकीचा गेम अजूनबी पोकळच हाय. पर ह्यो पूल खेळा."

मित्रांनो, वाईट गेमच्या यादीत माझे नाव आजही आहे आणि मी ते नाकारत नाही. मी आवडलो नाही तर तसे स्पष्ट सांगा, कारणासकट सांगा. त्यानेच माझे थोडे तरी भले झाले. मात्र माझ्यावरचा राग घेऊन कोणाच्या घरात शिरू नका. माझ्या दरीत पडलेल्या ठकूला एक बटण दाबले की पुन्हा उभे करता येते. माणसासाठी तसे बटण कोणी बनवलेले नाही.